चाकू, कायदा आणि श्रमजीवी जनता
(भेडाघाट, जिल्हा जबलपूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा अभ्यासवर्ग ज्या गावात भरला आहे त्या गावाचे पोट दोन गोष्टींवर चालते. एक नर्मदेचे पाणी आणि दुसरी तिच्या काठचा दगड. धुवांधार पाहावयास येणाऱ्या यात्रेकरूंना नावेतून फिरविणारे नाविक, चौसष्ट योगिनींच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर नारळ विकणारे, आणि मऊ दगडातून मूर्ती, दिवे, डब्या कोरणारे कारागीर, अशी येथील श्रमिकांची वस्ती आहे. कारागिराच्या हातात छिन्नी, कानस, पटाशी आणि कोरणीची सुरी असते. नारळवाल्याच्या हातात कोयता असतो. नाविकाजवळ दोर कापावयास चाकू असतो. पाते नाही असा श्रमिक येथे शोधूनच काढावा लागेल.

येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, जबलपूर शहरात, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे. १९५६ साली राज्याची पुनर्रचना झाली तेव्हापासून त्याचे मुख्य पीठ तेथे आहे. त्या न्यायालयापुढे आणि त्याच्या हाताखालच्या न्यायालयांपुढे दरवर्षी शस्त्रकायद्याखालचे खटले येतात. त्यांतील कित्येकांत जप्त झालेले ‘शस्त्र’ म्हणजे एक चाकू, एक सुरा किंवा एक कोयता असतो, आणि आरोपी रोजंदारीवर जगणारा तरुण असतो. कोणते पाते हत्यार आहे आणि कोणते अवजार आहे, हे कोण ठरविते, कशाच्या आधारे ठरविते, आणि त्या निर्णयाचा भार कोणाच्या माथी पडतो, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय वकिलांचा आहे असे म्हणून तो बाजूला ठेवणे योग्य होणार नाही. पोलीसठाण्यात रात्री प्रथम पोहोचतो तो वकील नसतो. वस्तीतला पक्षकार्यकर्ता तेथे प्रथम पोहोचतो. त्याला कायद्याचे चार शब्द नेमके ठाऊक असतील तर एका कुटुंबाची कमाई वाचते. ठाऊक नसतील तर तो केवळ विनवण्या करीत राहतो.

निःशस्त्रीकरणाचा इतिहास

भारतातील शस्त्रकायदा शांततेच्या चिंतेतून जन्मास आलेला नाही. तो पराभवाच्या भीतीतून जन्मास आला. १८५७ च्या उठावाने कंपनीचे राज्य मुळापासून हादरले. जबलपूरचाच दाखला पुरेसा आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजवंशातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून जे पुढे करण्यात आले त्यांत देवीला उद्देशून लिहिलेले शत्रुनाशाचे एक कवन होते. राज्यकर्त्यास ज्या प्रजेची धास्ती वाटते तिच्या हातातील शब्दही त्याला शस्त्र दिसू लागतो.

उठाव मोडल्यावर प्रजा निःशस्त्र करण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. १८६० चा कायदा आला, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत भारतीय शस्त्रकायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षाचा. १८७८ च्या कायद्याने बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला आणि धनुष्यबाणदेखील ‘शस्त्र’ या शब्दात गोवले. जंगलात शिकारीवर जगणाऱ्या आदिवासीचे धनुष्य त्यामुळे कायद्याच्या कचाट्यात आले. याउलट युरोपियनांना नियमांद्वारे परवान्यातून सूट होती. शस्त्र वाईट की चांगले हा प्रश्न तेथे नव्हताच. शस्त्र कोणाच्या हाती आहे एवढाच प्रश्न होता. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते या अपमानामुळे.

एंगल्सने १८८४ च्या आपल्या ग्रंथात राज्यसंस्थेच्या उगमाचे विवेचन करताना दाखवून दिले की, समाज वर्गांत विभागला गेला म्हणजे सर्व जनतेच्या हाती असलेले बळ काढून घेतले जाते आणि ते जनतेपासून वेगळ्या काढलेल्या सशस्त्र दलांच्या हाती एकवटते. जबलपूरच्या कामगाराला हे पुस्तकातून शिकावयाची गरज नाही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना आला. या शहरातील हजारो कामगारांच्या पिढ्यांनी देशाच्या सैन्याची आयुधे घडविली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याचे ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटण्यात आले. संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. तोफ घडविणाऱ्या हातांना संपाचा हक्क नाकारणारी आणि त्याच वस्तीतील पोराच्या खिशातील चाकू मोजणारी राज्यसंस्था एकच आहे, हे विसरता कामा नये.

१९५९ चा कायदा : शस्त्र म्हणजे काय?

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा रद्द होऊन १९५९ चा शस्त्रकायदा झाला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ मध्ये नव्या नियमांनी घेतली. बंदुका आणि अन्य शस्त्रे यांत या कायद्याने स्पष्ट भेद केला. बंदुकीला सर्वत्र परवाना लागतो, हे कलम ३ सांगते. चाकू, तलवार इत्यादी धारदार शस्त्रांना मात्र सरसकट परवाना लागत नाही. कलम ४ नुसार एखाद्या प्रदेशात अशा शस्त्रांचे नियमन सार्वजनिक हितासाठी आवश्यक आहे असे शासनाला वाटले, तर राजपत्रात अधिसूचना काढून तेथे परवान्याची अट घालता येते. अधिसूचना नसेल तेथे कलम ४ खालचा गुन्हा होत नाही. अधिसूचना असेल तेथेही तिच्यात वर्णन केलेल्या शस्त्रापुरताच तो होतो.

यापेक्षाही महत्त्वाची आहे ती कलम २ मधील व्याख्या. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून घडविलेली अथवा तसा बदल केलेली वस्तू म्हणजे शस्त्र, असे ती व्याख्या म्हणते, आणि त्यात धारदार व अन्य प्राणघातक शस्त्रे धरते. परंतु केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू ती स्पष्टपणे वगळते. लाठी आणि चालण्याची साधी काठी यांचा उल्लेख कायद्यानेच उदाहरणादाखल केलेला आहे. तेव्हा स्वयंपाकघरातील सुरी, विळी, शेतकऱ्याचा विळा आणि कोयता ही मुळात ‘शस्त्रे’ नव्हेत.

मग कारागिराच्या अवजाराचे काय? चांभाराची रापी घरगुती नाही आणि शेतीचीही नाही. खाटकाचा सुरा, न्हाव्याचा वस्तरा, भेडाघाटच्या कारागिराची पटाशी यांचेही तसेच. येथे व्याख्येचा पहिला भाग उपयोगी पडतो. वस्तू हत्यार म्हणून ‘घडविलेली किंवा बदललेली’ असावी लागते. रापी कातडे कापावयास घडविलेली असते, माणूस कापावयास नव्हे. शिवाय नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा जो वर्ग दिला आहे, त्यात घरगुती व शेतीच्या वस्तूंबरोबर शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनविलेल्या वस्तूही वगळलेल्या आहेत. कामगाराचे अवजार हे अवजारच आहे, ही भूमिका कायद्याच्या शब्दांतूनच मांडता येते. त्यासाठी कोणाच्या दयेची आवश्यकता नाही.

नऊ इंच आणि सहा इंच

याच अनुसूचीत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, परशू यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू सांगितलेले आहेत. कृपाण व खुकरी यांचाही त्यात समावेश आहे. पुष्कळ ठिकाणी ‘नऊ इंचांपर्यंत चालते’ असा समज पसरलेला आहे तो यावरून. तो समज धोक्याचा आहे, कारण राज्याची अधिसूचना यापेक्षा कडक असू शकते.

मध्य प्रदेशात ती तशी आहे. २२ नोव्हेंबर १९७४ च्या अधिसूचनेने राज्यभर, सार्वजनिक जागी, ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे आणि स्प्रिंगने उघडणारे कोणत्याही मापाचे चाकू कलम ४ खाली आणले. या अधिसूचनेतील प्रत्येक शब्द तोलून पाहावा लागतो. ‘सार्वजनिक जागी’ हे शब्द घरात ठेवलेल्या वस्तूला संरक्षण देतात. ‘६ इंच’ हे माप पात्याचे आहे, मुठीसकट संपूर्ण चाकूचे नव्हे. ‘किंवा’ हा शब्द मात्र श्रमिकास महाग पडू शकतो. आखूड पण रुंद पात्याची वस्तू लांबीच्या मापातून सुटली तरी रुंदीच्या मापात अडकते, आणि रापीसारखी अवजारे तर जात्याच रुंद पात्याची असतात. अशा वेळी मापाचा वाद न घालता ‘ही वस्तू मुळात शस्त्रच नव्हे’ या मुद्द्यावर उभे राहावे लागते.

स्प्रिंगचा चाकू ही मात्र वेगळी बाब आहे. खटका दाबताच उघडणारे पाते कोणत्याही धंद्याचे अवजार नाही. त्याला मापाची सवलत नाही, आणि वस्तीतील तरुणांना ते खिशात ठेवू नका असे निःसंकोच सांगितले पाहिजे.

प्रत्येक राज्यात हे शब्द बदलतात. दिल्लीची १९८० ची अधिसूचना बटणाचे, गरारीचे व अन्य यांत्रिक खटक्याचे चाकू पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून अधिक असल्यास नियमनाखाली आणते. पण ती उत्पादन, विक्री आणि विक्रीसाठी बाळगणे यांबाबत आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच मुद्द्यावर एका आरोपीला दोषारोपातून मुक्त केले. त्याच्याजवळ बटणाचा चाकू सापडला होता, परंतु तो विक्रीसाठी बाळगल्याचा आरोपच दोषारोपपत्रात नव्हता. एका साध्या माणसाला एवढ्या गोष्टीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हाही त्या निकालाचा एक अर्थ आहे. अधिसूचना वाचली असती तर पहिल्याच पायरीवर जे दिसले असते ते दिसण्यास शेवटची पायरी गाठावी लागली.

महाराष्ट्रातील साथींना आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा लागतो. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीचा मनाई हुकूम काढून शस्त्रे, सुरे, काठ्या, लाठ्या बरोबर नेण्यास बंदी करू शकतात. शस्त्रकायद्याने लाठीला व्याख्येतून वगळले असले तरी मनाई हुकमात तीच लाठी गुन्ह्याची वस्तू होते. कलम १३५ खाली त्यास चार महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मोर्चाचा झेंडा ज्या काठीला लावायचा ती काठीदेखील हुकमाची तारीख पाहूनच हाती घ्यावी लागते, हे महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

घेणे, बाळगणे, नेणे

कायदा तीन क्रिया वेगळ्या मानतो. वस्तू मिळविणे, ती ताब्यात ठेवणे आणि ती बरोबर नेणे. अधिसूचनेच्या कक्षेतील शस्त्र परवान्याशिवाय यांपैकी कोणत्याही प्रकारे हाताळले तर कलम २५ (१-ब) (ब) खाली एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पुरेशी व विशेष कारणे नमूद करून न्यायालय एक वर्षापेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. शस्त्रकायद्याखालील प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय कारवाई करू शकतात. बंदुकीच्या खटल्यास जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, हे कलम ३९ चे संरक्षण आहे. चाकूच्या खटल्यास ती लागत नाही. बंदूक बाळगू शकणाऱ्याला कायद्याने एक पायरी अधिक दिली आणि चाकूवाल्याला ती दिली नाही.

वाहतुकीबाबत कलम १२ नुसार केंद्र शासन विशिष्ट शस्त्रांची वाहतूक मर्यादित वा बंद करू शकते, आणि संशयास्पद स्थितीत शस्त्र नेणाऱ्यास अटक करण्याची तरतूद कलम २० मध्ये आहे. विमानाच्या प्रवासात धारदार वस्तू हातातील सामानात चालत नाही. देशांतर्गत विमानात शिखांच्या कृपाणास पाते ६ इंचांपर्यंत व एकूण लांबी ९ इंचांपर्यंत असल्यास सूट आहे. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग आहे असे राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचे स्पष्टीकरणच सांगते.

भारतीय कायद्यात श्रमिकाच्या दृष्टीने एक उणीव आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तीन इंचांपर्यंतच्या साध्या घडीच्या चाकूला सूट आहे, आणि त्याहून मोठे पाते कामावर लागते म्हणून जवळ आहे हे दाखविले तर तो बचाव कायद्याने मान्य केलेला आहे. आपल्याकडे ‘कामासाठी नेत होतो’ हा बचाव व्याख्येच्या अर्थातून काढावा लागतो. तो वेगळ्या शब्दांत लिहिलेला नाही. वस्तू घरगुती वा शेतीची आहे की नाही हे प्रथम ठरविणारा माणूस चौकातील शिपाई असतो, न्यायाधीश नसतो. न्यायाधीशाची पाळी येते तोपर्यंत मजुराचे दिवस बुडालेले असतात.

बीड, नगर, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोयते घेऊन शेकडो कोस जातात. त्यांचा कोयता शेतीचे अवजार आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही. परंतु पुण्यात कोयत्याने दहशत माजविण्याच्या घटना वाढल्यावर २०२३ च्या सुरुवातीस कोयते विकणाऱ्यांनी ग्राहकाच्या ओळखीची नोंद ठेवावी अशी पावले पोलिसांनी उचलली. गुंडगिरीला आवर घालणे आवश्यकच आहे. परंतु गुंडाचा बंदोबस्त करताना अवजारच संशयित ठरले, तर संशयाची पहिली झळ ऊसतोड कामगाराला बसते. गुंड कोयता दुकानातूनच घेतो असे नाही. मजुराला मात्र तो दुकानातूनच घ्यावा लागतो.

तळवाड्याचा धडा

अवजाराचे हत्यार कोण बनवितो, याचे सर्वांत करुण उदाहरण मराठी कम्युनिस्ट चळवळीच्याच इतिहासात आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. जमीनदारांनी तेव्हा एक सापळा रचला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, त्यांच्या रक्षणासाठी तळवाड्याला जमा, असा निरोप त्यांच्या हस्तकांनी पाड्यापाड्यांतून फिरविला. आदिवासी हाती लागेल ते घेऊन धावले. कोणाकडे काठी होती, कोणाकडे कोयता. दुसरीकडे त्याच जमीनदारांनी सरकारला कळविले की सशस्त्र जमाव चालून येत आहे. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड याच्यासह पाच आदिवासी ठार झाले.

त्या दिवशी तळवाड्याला कोयता तोच होता जो आदल्या दिवशी जमीनदाराच्याच रानात गवत कापीत होता. आदल्या दिवशी तो अवजार होता, कारण त्याच्या श्रमाचे फळ जमीनदाराच्या वखारीत जात होते. दुसऱ्या दिवशी तो हत्यार ठरला, कारण तो धरणारा माणूस वाकलेला नव्हता. या धड्यातील दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. वारल्यांचा लढा जिंकला तो कोयत्याने नव्हे. संघटित बहिष्काराने, मजुरीच्या दरासाठी एकदिलाने काम थांबविण्याने, आणि गोळीबारानंतरही न फुटलेल्या एकजुटीने तो जिंकला. ज्या चळवळीला चिथावणी ओळखता येते तिला सापळ्यात अडकविता येत नाही.

मिरवणुकीतील तलवार

आता दुसरी बाजू पाहू. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. ‘विनाशस्त्र’ हा शब्द सर्वांना सारखाच लागू आहे. प्रत्यक्षात मात्र धर्माच्या नावाने निघणाऱ्या मिरवणुकांत अनुसूचीत नावानिशी उल्लेखिलेल्या तलवारी उघड्यावर नाचविल्या जातात, आणि त्या वेळी पाते मोजण्याची पट्टी कोणालाही आठवत नाही. ती तलवार कोणत्याही धंद्याचे अवजार नसते. तिच्यापुढे उभी असते ती दुसऱ्या धर्माच्या गरिबाची वस्ती.

कायदा वापरावयाची इच्छा असेल तर तो अशा ठिकाणीही वापरता येतो. २००३ साली राजस्थान शासनाने शस्त्रकायद्याचा आधार घेऊन त्रिशूळवाटपावर बंदी घातली आणि ती मोडणाऱ्या विश्व हिंदू परिषदेच्या प्रवीण तोगडिया यांना अजमेर येथे अटक केली. याउलट याच मध्य प्रदेशात १० एप्रिल २०२२ रोजी रामनवमीच्या मिरवणुकीच्या वेळी खरगोनमध्ये दंगल उसळली, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरे व दुकाने बुलडोझरने पाडण्यात आली. कोणत्याही न्यायालयाने दोष ठरविण्याआधीच ही शिक्षा अंमलात आली. अशी पाडापाडी घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले, परंतु पडलेली भिंत निकालाने उभी राहत नाही.

रस्त्यावरच्या एकट्या तरुणाच्या खिशातील साडेसहा इंचांचे पाते आणि मिरवणुकीतील तीन फुटांची तलवार यांना एकच कायदा लागू असताना पहिल्याला कोठडी आणि दुसरीला बंदोबस्त मिळतो. कायद्याचे शब्द येथे बदललेले नाहीत. ते वाचणाऱ्याची वर्गदृष्टी बदलली आहे. यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. त्याची समान अंमलबजावणी मागणे हे लोकशाही हक्कांच्या लढ्याचे अंग आहे, एवढेच यातून निष्पन्न होते.

आणि एक कटू गोष्ट स्वतःशीच बोलली पाहिजे. चाकूने मरणारा बहुधा गरीबच असतो, आणि मारणाराही पुष्कळदा त्याच गल्लीतील बेकार तरुण असतो. दारू, सट्टा, सूडभावना आणि पुढाऱ्यांनी पोसलेल्या टोळ्या यांच्यात तो अडकतो. त्याच्या खिशातील चाकूला बंडखोरीचे लक्षण मानणे हा भाबडेपणा होईल. तो चाकू मालकाच्या अंगावर कधी जात नाही. तो शेजाऱ्याच्या, मित्राच्या, अनेकदा स्वतःच्या बायकोच्या अंगावर जातो. म्हणून चाकूचे नियमन हवे, ही मागणी श्रमिक स्त्रियांचीही आहे, आणि पक्षाने ती निःसंदिग्धपणे उचलली पाहिजे.

पंचनाम्यापासून न्यायालयापर्यंत

अटकेच्या प्रसंगी कार्यकर्त्याने काय पाहावे हे थोडक्यात असे आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे कलमांचे जुने आकडे विसरून नवे शिकावे लागतील. अटकेचे कारण आरोपीला सांगणे आणि त्याच्या नातेवाइकास कळविणे बंधनकारक आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. कलम ३५ नुसार अटकेची आवश्यकता नोंदवावी लागते, अन्यथा हजर राहण्याची नोटीस पुरते. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे आणि वकिलाचा सल्ला घेऊ देणे आवश्यक आहे. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्यास सांगितले आहे. ते झाले की नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी लेखी विचारावा.

जप्तीच्या पंचनाम्यात चार गोष्टी पाहाव्यात. पात्याची लांबी व रुंदी मोजून लिहिली आहे काय? चाकू स्प्रिंगचा असल्यास ते स्पष्ट नमूद आहे काय? जागा सार्वजनिक होती हे दिसते काय? आणि पंच खरोखर तेथे हजर होते, की ठाण्यावर बसून सह्या केलेले नेहमीचेच पंच आहेत? पुढे खटल्यात कलम ४ खालची अधिसूचना न्यायालयापुढे आणण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते. माप नाही किंवा अधिसूचना नाही, या कारणावरून न्यायालयांनी आरोपींना सोडल्याची उदाहरणे आहेत.

याखेरीज दोन वाटांवर लक्ष ठेवावे लागते. पहिली प्रतिबंधक कारवाईची. चाकूचा खटला टिकणार नाही असे दिसले की शांततेचा भंग होईल म्हणून जामीनपत्र घेणे, किंवा मध्य प्रदेश राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली जिल्हाबदर करणे, आणि महाराष्ट्रात तडीपार करणे, हे मार्ग वापरले जातात. ज्याची रोजी त्याच शहरात आहे त्याला शहराबाहेर घालविणे म्हणजे त्याचे पोट कापणे होय. दुसरी वाट कच्च्या कैदेची. पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात घालविला असल्यास त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम ४७९ मध्ये आहे. तीन वर्षांच्या गुन्ह्यात तो काळ एक वर्ष होतो. जामीनदार न मिळाल्यामुळे एका चाकूसाठी वर्ष काढणारा माणूस निर्दोष सुटला, तरी ते वर्ष त्याला परत कोण देणार?

आपली कार्ये

या विवेचनातून चार कार्ये निघतात. पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या राज्यातील कलम ४ ची अधिसूचना आणि चालू मनाई हुकूम मिळवून ते वस्तीच्या भाषेत समजावून सांगावेत. मध्य प्रदेशातील मराठी वस्तीत ते मराठीत सांगावेत, कारण बालाघाट-छिंदवाड्याकडून कामासाठी येणाऱ्या मजुराला हिंदी राजपत्र वाचता येईलच असे नाही. दुसरे, कारागीर, चर्मकार, खाटीक, नाभिक आणि ऊसतोड कामगार यांच्या संघटनांनी सभासदांना धंद्याचे ओळखपत्र द्यावे. अवजारे प्रवासात कामाच्या पिशवीत, गुंडाळून, अन्य अवजारांबरोबर न्यावीत. कमरेला खोचलेला कोयता आणि पिशवीतला कोयता यांत कायद्याने नव्हे तरी पाहणाऱ्याने भेद केलेला असतो. तिसरे, धंद्याच्या अवजारास स्पष्ट शब्दांत सूट देणारी आणि चाकूच्या खटल्यासही दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक करणारी दुरुस्ती मागावी. चौथे, मिरवणुकांतील तलवारींविरुद्ध कायद्याची समान अंमलबजावणी मागावी आणि त्यासाठी सर्व धर्मांच्या श्रमिकांची संयुक्त आघाडी उभारावी.

भेडाघाटचा कारागीर सकाळी छिन्नी उचलतो तेव्हा तिच्या पात्याचे माप त्याला डोळे मिटून सांगता येते, कारण त्या मापावरच त्याची भाकरी अवलंबून असते. राज्यसंस्थेनेही तेच पाते मोजलेले आहे, पण वेगळ्या हेतूने. आपल्या हातातील अवजाराचे दुसरे माप काय आहे, हे कारागिराला ठाऊक झाले पाहिजे. ते ठाऊक करून देणे हे काम लहान दिसते. परंतु ज्या दिवशी चौकातील शिपायापुढे एखादा अडाणी समजला जाणारा मजूर शांतपणे म्हणेल, “साहेब, हे शस्त्र नाही, हे अवजार आहे, आणि तसे कायद्यात लिहिले आहे,” त्या दिवशी या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.